‘किती पडले?’ला काय सांगायचं

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

पत्रलेखिका पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. निकाल लागला आणि ती वर्गात दुसरी आली. पहिल्या वर्षापासून जिच्याशेजारी बसते, जिच्या वह्या हिच्या बॅगेत आणि हिच्या वह्या जिच्या बॅगेत असतात, ती मैत्रीण मात्र एका विषयात दोन गुणांनी नापास झाली. निकाल पाहून दोघी जिन्यात भेटल्या. मैत्रिणीनं रडवेल्या आवाजात आपलं सांगितलं आणि विचारलं, “तुझं?” ही म्हणाली, “माझंही असंच गं. ठीकठाक. त्याच विषयात जेमतेम सुटले.” त्यावर मैत्रीण हिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “सुटलीस ना, बास झालं.” त्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सगळ्या वर्गाच्या गुणांच्या यादीचा स्क्रीनशॉट टाकला. त्याला आता नऊ दिवस झाले. मैत्रीण भांडलेली नाही, पण बोलतही नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते आणि शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसते.

पत्रलेखिकेचे प्रश्न तीन. तिला दुखवायचं नव्हतं म्हणून खोटं बोलले, यात माझं एवढं काय चुकलं? इथून पुढे कुणी गुण विचारले तर सांगायचे की नाही? आणि, “एवढे चांगले गुण मिळूनही मला एक दिवस धड आनंदात घालवता आला नाही, याचा मला तिच्यावर राग येतो. मी वाईट आहे का?” पत्राखाली सही आहे : जेमतेम सुटलेली.

जेमतेम सुटलेली,

तुला ‘तू’च म्हणते. पस्तीस वर्षं वर्गात काढल्यावर पत्रातल्या मुलांनाही ‘तुम्ही’ म्हणणं जमत नाही.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही, तू वाईट नाहीस. वर्षभर जागून मिळवलेल्या गुणांचा आनंद व्हावा, तो कुणाला तरी सांगावासा वाटावा, सांगताना आवाज जरा चढावा, यात काही गैर नाही. तो आनंद तू गिळलास आणि त्याचा राग झाला. फक्त हा राग तू ज्या पत्त्यावर पाठवते आहेस, तो पत्ता चुकलाय. तुझ्या मैत्रिणीनं तुला आनंद करू नकोस असं कधीच सांगितलं नव्हतं. ते तूच ठरवलंस, जिन्यात, तिला न विचारता.

आता त्या जिन्याकडे येऊ.

‘तिला दुखवायचं नव्हतं’ हे तू पत्रात चार वेळा लिहिलं आहेस. पहिल्या वेळी मी मान डोलावली, चौथ्या वेळी थांबले. तिनं ‘तुझं?’ विचारलं आणि तू उत्तर दिलंस, यांच्या मध्ये फार तर दोन-तीन सेकंद गेले असतील. एवढ्या वेळात कुणी दुसऱ्याच्या मनाचा विचार करत बसत नाही, आपली सुटका बघतो. समोर रडवेला चेहरा, आपल्या पोटात आनंद, आणि दोन्ही एका जिन्यात मावेनात. मग जे आपल्या हातात असतं ते आपण लपवतो. तिला वाईट वाटू नये, हे तुझ्या मनात होतंच. पण तिचा पडलेला चेहरा आणखी पडताना आपल्याला बघावा लागू नये, हेही होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, बहुतेकांनी हेच केलं असतं. फक्त सगळंच तिच्यासाठी केलं, असा हिशेब मांडू नकोस.

आणि खोटंही सगळं एका मापाचं नसतं. ‘सांगते नंतर’ म्हणणं वेगळं, ‘ठीकठाक’ म्हणणं वेगळं आणि ‘त्याच विषयात जेमतेम सुटले’ म्हणणं फारच वेगळं. पहिल्यात तू फक्त सांगायचं पुढे ढकलतेस. दुसऱ्यात थोडं कमी करून सांगतेस, तेवढं सगळेच करतात. तिसऱ्यात मात्र तू तिचं दुःख अंगावर पांघरून तिच्यासमोर उभी राहिलीस. आणि मग काय झालं? तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेली आहेस. तिनं तुझ्या पाठीवर हात ठेवला. जी मुलगी पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या नावापुढे ‘नापास’ वाचून आली होती, तिनं स्वतःचं बाजूला ठेवून तुझी समजूत काढली. रात्री तो स्क्रीनशॉट आला तेव्हा तिनं आधी आपलं नाव पाहिलं असेल, मग दोन बोटांनी तो मोठा करून तुझं शोधलं असेल. तुझे गुण वाचून तिला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. पण दुपारी आपण हात कुणाच्या पाठीवर ठेवला होता, हे तिला नक्की आठवलं असणार.

म्हणजे तिला जे लागलंय ते तुझ्या गुणांचं नाही. निदान मुख्यतः तरी नाही. मला खरं सांगितलं तर मला झेपणार नाही असं हिनं गृहीत धरलं, याचं ते आहे. नापास झालेल्याशी लोक एकदम हळू आवाजात बोलायला लागतात ना, त्या हळू आवाजाचाच त्याला जास्त त्रास होतो. तू तर त्या हळू आवाजाच्याही पुढे गेलीस.

‘मुख्यतः’ म्हटलं, कारण गुणांचंही थोडं लागतंच. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं असं, की आपण कितपत आहोत हे मोजायला पक्की पट्टी नसते तिथे माणूस स्वतःला इतर माणसांशी ताडून बघतो, आणि त्यासाठी निवडतो तेही आपल्यासारखेच. वर्गात पहिला आलेला मुलगा तुझ्या मैत्रिणीच्या हिशेबातही नसेल, तो तिच्या लेखी वेगळाच प्राणी. तू मात्र त्याच बाकावरची, त्याच वह्यांतून अभ्यास केलेली. तुझे गुण तिला बोचले असतील तर ती मत्सरी आहे असं समजू नकोस. तू तिच्या इतकी जवळची आहेस, एवढंच त्यावरून कळतं.

दोन गुणांनी जाण्याचं दुखणं तर आणखी निराळं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांचे चित्रीकरणातले चेहरे अभ्यासून तीन संशोधकांनी १९९५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदकवाले जास्त खूश दिसत होते! संशोधकांनी कारण दिलं ते असं, की रौप्यवाल्याच्या डोळ्यांपुढे हुकलेलं सुवर्ण असतं, तर कांस्यवाला आपण रिकाम्या हातानं परतलो असतो या विचारानं सुखावतो. तेव्हा ‘अगं, दोनच मार्कांनी तर गेलाय!’ हे वाक्य धीर द्यायला म्हणून कुणी कुणाला ऐकवू नये. वीस गुणांनी गेलेला निदान झोपतो. दोन गुणांनी गेलेला रात्री छताकडे बघत तो पेपर पुन्हा लिहीत असतो, आणि वेळ असूनही सोडून दिलेला तो एक छोटा प्रश्न दर वेळी सोडवत असतो.

त्या स्क्रीनशॉटवाल्या महाभागाला तू एका ओळीत सोडून दिलं आहेस. मला तसं सोडवत नाही.

मी शिकत होते तेव्हा निकाल नोटीस बोर्डावर लागायचा. गर्दीत घुसून, हात उंच करून, यादीवरून बोट खाली खाली सरकवत आपला क्रमांक शोधायचा. बोट थांबलं की मागे उभ्या असलेल्यांनाही कळायचं कुठे थांबलं ते. एका वर्षी माझं बोट जिथे थांबायला हवं होतं तिथे माझा क्रमांकच नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हिचा नंबरच नाहीये!” त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यानं दिसलं ते वाचलं. पुढे चार तासांनी उलगडा झाला की यादी टाइप करताना एक ओळ गळली होती. मी पास होते. त्या वर्षीचे गुण मला आज आठवत नाहीत, तो आवाज आठवतो.

निकाल असा चारचौघांत लावायची रीत पुष्कळ जुनी. आपण ‘रँग्लर परांजपे’ म्हणतो ना, ते बिरुद अशाच एका यादीतलं. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांची क्रमवारी जाहीर होई. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे त्या यादीत सर्वांत वर आले. त्या यादीच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ऑनर्स मिळवणाऱ्यांत जो शेवटचा, त्याला पदवीदानाच्या वेळी इतर विद्यार्थी एक भलामोठा लाकडी चमचा द्यायचे. १९०९ नंतर ही क्रमवारी जाहीर करणं बंद झालं आणि चमचाही संपला, कारण शेवटचा कोण हेच कळेना. मला गंमत वाटते ती याची, की तो चमचेवालाही ऑनर्स घेऊन पास झालेलाच असायचा. त्याच्या खालीही पुष्कळ जण असतील, पण यादी तिथे संपत होती, म्हणून हसायला तो सापडला.

कायद्याचं विचारशील, तर तो सगळीकडे मदतीला येतोच असं नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासोच्या शाळांत काही शिक्षक मुलांना एकमेकांचे पेपर तपासायला देत आणि गुण वर्गात मोठ्यानं सांगायला लावत. एका आईनं याला हरकत घेतली. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याचा यात भंग होत नाही. ठीक आहे. गुण पुकारले गेल्यावर जे पोर खाली बघत बसतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

तो आपल्यापुढे आहे. ग्रुपवर अशी यादी आली तर टाकणाऱ्याला वेगळा मेसेज करून ती काढायला सांगावी. ग्रुपवरच त्याला झापायला जाऊ नये, कारण ज्यांनी ती उघडलीही नव्हती तेही मग कुतूहलानं उघडतात. यादी पुढे पाठवू नये. आणि ज्याचे गुण त्याच्या तोंडून ऐकलेले नाहीत, ते आपल्याला ठाऊक नाहीत असंच वागावं. ‘तुझं गेलं म्हणे अमक्यात?’ यातलं ‘म्हणे’ फार वाईट. आपल्याबद्दल आपल्यामागे बोलणं झालंय, हे ते एका शब्दात सांगून टाकतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, सांगायचं की नाही. याला एकच नियम हवा अशी तुझी अपेक्षा दिसते. तो नाही, कारण ‘किती पडले?’ असं विचारणारे पाच जण पाच वेगळ्या गोष्टी विचारत असतात. एकाला खरंच आकडा हवा असतो. दुसऱ्याला आपला सांगायचा असतो आणि तू उलट विचारावंस म्हणून तो वाट बघत असतो. (त्याला विचारून टाकावं, बिचारा मोकळा होतो.) तिसरी घाबरलेली असते, आपण एकटीच मागे पडलो नाही ना, एवढंच तिला बघायचं असतं. चौथा मोजमाप घेत असतो. पाचवा ‘काय म्हणतेस?’ म्हणावं तसं विचारतो आणि उत्तर ऐकायलाही थांबत नाही.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाला आकडा सांगायची गरजच नसते. ‘चांगले पडले, मी खूश आहे’ हे उत्तर पूर्ण आहे आणि खरं आहे. ज्याला आकडाच हवा आहे तो पुन्हा विचारेल, तेव्हा सांगावासा वाटला तर सांग. तुझ्या मैत्रिणीला त्या दिवशी जिन्यात म्हणता आलं असतं, ‘माझे चांगले आलेत, ते सांगेन मी तुला. आधी तुझं बोल.’ तिला वाईट वाटलं असतं का? वाटलं असतं, थोडं. तरी ती तुझ्याशेजारीच बसली असती.

सांगायचं नसेल तर ‘आत्ता नाही सांगत, राग मानू नकोस’ एवढं पुरे. कारण देत बसू नये, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. पण यात एक गोम आहे आणि ती मला मुलांनीच शिकवली. जो चांगले गुण पडले की आपण होऊन सांगतो आणि कमी पडले की ‘नाही सांगत’ म्हणतो, त्याचं ‘नाही सांगत’ हेच उत्तर होऊन बसतं. माझ्या वर्गातली एक मुलगी चांगले पडले तरी त्याच थंड आवाजात ‘आई सोडून कुणाला सांगत नाही’ म्हणायची. पहिल्या वर्षी सगळे तिला शिष्ट म्हणाले. तिसऱ्या वर्षी तिचे दोन विषय राहिले तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही.

विचारणाऱ्यांनीही थोडं सांभाळावं. ‘किती?’च्या ऐवजी ‘बघितलास का निकाल?’ असं विचारलं की समोरच्याला हवं तेवढंच दार उघडता येतं. तिसरा माणूस उभा असताना विचारू नये. आपले सांगायची तयारी नसेल तर दुसऱ्याचे विचारू नयेत. आणि आपल्याला भरघोस पडलेत हे माहीत असताना आपण होऊन विचारायला जाऊच नये, त्याची जाहिरात होते.

एक जमात मात्र मला अजिबात सहन होत नाही, ती ‘वाट लागली’वाल्यांची. प्रत्येक पेपरनंतर डोक्याला हात, ‘मी जातेय बघ या विषयात’, आणि निकालात नव्वदच्या वर. यांना वाटतं हा विनय आहे. पण साठ मिळाले म्हणून मनापासून खूश असलेल्या मुलाला यांचं रडगाणं ऐकून आपल्या साठांची लाज वाटायला लागते, आणि खरोखर पेपर वाईट गेलेल्या मुलीचं रडणं मग कुणी खरं मानत नाही. तू रागावणार असशील तर रागाव, पण ‘जेमतेम सुटले’ हे याच जमातीचं वाक्य आहे. फक्त तू ते गर्दीसमोर म्हणायच्या ऐवजी एकाच माणसाला म्हणालीस.

तुलना करताना दोघं एकच गोष्ट मोजताहेत की नाही हेही मुलं बघत नाहीत. एकाचे पंच्याऐंशी टक्के असतात आणि दुसऱ्याचे पंच्याऐंशी पर्सेंटाइल. पहिला शंभरातले पंच्याऐंशी गुण सांगतो, दुसरा सांगतो की परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण पंच्याऐंशी टक्के लोक माझ्या मागे आहेत. कठीण पेपरमध्ये पन्नास गुणांनाही पंच्याऐंशी पर्सेंटाइल असू शकतं. यावरून रुसवे-फुगवे झालेले मी पाहिले आहेत.

एवढं सगळं ऐकून तू ठरवशील की यापुढे गुणांचं बोलणंच बंद. ते मात्र करू नकोस, कारण बोलल्याचा फायदाही असतो, आणि तो नेमका तुझ्या मैत्रिणीला होण्यासारखा आहे. दोघींच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बसलं की कळतं, एकाच उत्तराला हिला पाच आणि तिला तीन का मिळाले. कधी कळतं की हिनं आकृतीला नावं दिली होती. कधी कळतं की तपासणाऱ्याची बेरीज चुकली आहे किंवा एक पुरवणी बघायचीच राहिली आहे. रूथ बटलर या संशोधिकेनं १९८८ मध्ये शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना कामावर फक्त शेरे लिहून दिले त्यांची पुढची कामगिरी सुधारली. ज्यांना शेऱ्यांबरोबर गुणही दिले त्यांना मात्र त्या शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. माझा अनुभव याला जुळतो. पेपर परत दिला की मुलं कोपऱ्यातला आकडा बघतात आणि घडी घालतात. मी समासात लाल शाईनं लिहिलेलं, अर्धा अर्धा तास खर्चून लिहिलेलं, वाचणारी एका हाताच्या बोटांवर मोजता यावीत एवढीच.

तुझ्या मैत्रिणीचा विषय दोन गुणांनी गेलाय, आणि त्याच विषयात तुला उत्तम गुण आहेत. गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन करून घेण्यासारखी जर कुठली स्थिती असेल, तर ती हीच. या अर्जाला बहुतेक ठिकाणी मुदत असते आणि ती लांबलचक नसते. तुमचे नऊ दिवस अबोल्यात गेलेत. म्हणून हे वाचून झालं की आधी मुदतीची तारीख बघून घे. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात का, तेही नियमात वाचून घे, कारण सगळीकडे सारखे नियम नसतात. अर्ज करायचा की पुन्हा परीक्षेला बसायचं, हे तिनं ठरवायचं. आणि उद्या तिला शिक्षकांकडे जाऊन ‘अशाच उत्तराला हिला जास्त दिलेत’ म्हणायचं असेल, तर तुझी उत्तरपत्रिका तुझ्या संमतीनंच पुढे यावी. संमती द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांग. तेवढा हक्क तुलाही आहे.

पण त्याआधी माफी मागायला हवी. लांबलचक मेसेज लिहू नकोस. रात्री लिहिलेल्या माफीत आपण स्वतःचाच बचाव जास्त करतो, सकाळी वाचून बघ. समोर जा, एकटी असताना गाठ. आणि ‘तुला वाईट वाटू नये म्हणून’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. ते खरे असले तरी नको. त्यातून तिला ऐकू येईल ते असं, की तू नापास झालीस म्हणून मला खोटं बोलावं लागलं. त्यापेक्षा एवढंच म्हण : ‘त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. तू माझी समजूत काढत होतीस आणि मी ती काढून घेतली. मला त्याची लाज वाटते.’ मग गप्प बस. तिला बोलायचं असेल ते बोलू दे. ती ओरडेल, किंवा ‘जाऊ दे गं’ म्हणेल, जे ओरडण्यापेक्षा अवघड असतं. त्या ‘जाऊ दे’वर विश्वास ठेवून लगेच गळ्यात पडू नकोस. मुदतीची तारीख सांग, ‘पेपर बघायला कुणी हवं असेल तर मी आहे’ म्हण, आणि ती मागे बसत असेल तर बसू दे.

तुझ्या अडलेल्या आनंदाचं काय करायचं, हे राहिलंच. घरी सांगितलंस का? पत्रात त्याचा कुठे उल्लेख नाही. मला शंका आहे की तिच्यापासून लपवता लपवता तू तो सगळ्यांपासूनच लपवलास. ज्यांना त्या परीक्षेशी काही देणंघेणं नाही अशा माणसांना सांग. आत्याला, शेजारच्या काकांना, धाकट्या भावाला. आकडा अगदी मोठ्यानं सांग. मला सांगितला नाहीस, तोही कळव. मला आवडेल.

आणि तिच्या अर्जाचा किंवा पुन्हा दिलेल्या परीक्षेचा निकाल लागेल, त्या दिवशी तुझा हात फोनकडे जाईल. नको. तिचा फोन येऊ दे. आला आणि तिनं विचारलं, ‘तुझे तेव्हा नक्की किती होते गं?’ तर आकडा सांग.